शिळे पाणी

मागच्या महिन्यातली गोष्ट. पहाटे साडेचारच्या सुमारास गच्चीवरून पाणी पडल्याचा आवाज आला. आमच्या गावात पाण्याचा आवाज ऐकून कुणाला कविता सुचत नाही. छत्रपती संभाजीनगरात (आम्हा जुन्या माणसांच्या तोंडी अजून औरंगाबादच येते) नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते. ते आले की हौद भरायचा, हौदातून मोटारीने गच्चीवरची टाकी भरायची आणि पुढच्या पाण्यापर्यंत ती पुरवायची. तेव्हा टाकीतले पाणी आपोआप वाहायला लागले की माणूस अंथरुणातून उठत नाही, उडी मारतो. सत्तरी उलटल्यामुळे मी उडी मारली नाही, पण जिना मात्र बऱ्याच वर्षांनी न थांबता चढलो.

टाकीतून खाली उतरणारा पाइप वळणावर, प्लंबर ज्याला एल्बो म्हणतात तिथे, तडकला होता. कॉक बंद केला. बॅटरीच्या उजेडात पाइपावरून हात फिरवला तर बोटांना पांढरी भुकटी लागली. अगदी खडूची असते तशी! आयुष्यभर खडू हाताळलेल्या माणसाला ती बोटे ओळखीची वाटली. पाइप टाकला तेव्हा करडा होता हे मला पक्के आठवत होते. आता तो वरून पांढुरका झाला होता.

दुपारी प्लंबर आला. हा माझा जुना विद्यार्थी, सहावी ब, मागचा बाक. त्याने तुटलेला तुकडा अंगठ्याने दाबला तर तो बिस्किटासारखा मोडला.

"सर, ही लाइन दमली आता. इथं जोडलं की तिथं फुटणार. भिंतीतली पण काढा, सगळी बदलून टाका."

"अरे, पण टाकताना तर जन्मभर टिकेल म्हणाले होते."

"बरोबर आहे ना सर. पाइपाचा जन्म तेवढाच होता."

मागच्या बाकावरच्या मुलांचे हे असे असते. उत्तर वेळेवर देतात, फक्त परीक्षेत देत नाहीत.

तर, घरातले पाइप बदलायचे ठरले. पाच दिवस भिंती फोडण्याचा आवाज, सिमेंटची धूळ आणि स्वयंपाकघरात बादल्यांची रांग. या पाच दिवसांत मला दुसरे काही करता येत नव्हते, म्हणून मी पाइपांचा इतिहास वाचत बसलो. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेले, पण राजांच्या मागे लागताना नळाकडे कधी बघितले नव्हते. सुरुवात गंमत म्हणून केली होती. शेवट तसा झाला नाही.

आमच्या घरापुरते बोलायचे तर हा पाइपांचा तिसरा अवतार. घर बांधले १९८४ साली. तेव्हा सगळीकडे जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड. बारा वर्षांत त्याचे काम आटोपले. आमचे पाणी जड, त्यात नळाला पाणी आले नाही की पाइपात हवा शिरते. पाणी आणि हवा आळीपाळीने मिळाली की लोखंड गंजायला आणखी काय हवे? पाइप काढला तेव्हा बाहेरून पाऊण इंची आणि आतून जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट उरली होती. सकाळी पहिल्या तांब्यात चहासारखे पाणी यायचे.

१९९६ साली ते काढून पीव्हीसी टाकले. सौ. चा विरोध होता. तिचे म्हणणे, "लोखंड गंजतं ते दिसतं तरी. या प्लास्टिकच्या पोटात काय आहे कुणास ठाऊक!" मी तिला सुशिक्षित माणसासारखे हसलो होतो. गरम पाण्याची लाइन तेवढी लोखंडी राहिली, कारण साध्या पीव्हीसीला ऊन पाणी सोसत नाही, ते मऊ पडते. बाकी सगळीकडे करडा, गुळगुळीत, हलका पाइप. गंज नाही, आटे पाडायला नकोत, करवतीने कापा आणि सोल्युशन लावून चिकटवा. दोन दिवसांत काम खलास. मी खूश होतो.

आता जरा मागे जाऊ. आमच्या शहराला नळाचा इतिहास चारशे वर्षांचा आहे. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. हबशी गुलाम म्हणून हिंदुस्थानात आलेला आणि निजामशाहीचा वजीर झालेला हा माणूस. लढाया सगळ्यांना माहीत असतात, पण त्याने या कोरड्या गावाला पाणी आणले ते नहर-ए-अंबरीने. उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत मुरणारे पाणी भुयारी नहरीत गोळा करायचे आणि पुढे मातीच्या भाजलेल्या नळांतून, म्हणजे खापरी नळांतून, उताराने गावात आणायचे. ना पंप, ना वीज. पाणचक्की बघायला आलेल्या पाहुण्यांना मी शेकडो वेळा सांगितले असेल की हे पाणीही असेच दुरून मातीच्या नळातून येते. अंबर १६२६ साली गेला. त्याची नहर त्याच्यानंतर तीनशे वर्षांहून जास्त काळ लोकांना पाणी पाजत राहिली. आमच्या पीव्हीसीची तीस वर्षेही भरली नाहीत.

तुलना तितकीशी न्याय्य नाही, हे मलाही कळते. खापरी नळ जमिनीत सावलीला असत आणि त्यांत पाणी सावकाश वाहत असे. पंपाचा दाब त्यांना सोसला नसता. शहर वाढले, १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडीचे पाणी इतक्या लांबून चढवून आणायचे तर लोखंडच लागणार. आणि प्रत्येक घरात, प्रत्येक मजल्यावर तोटी हवी असेल तर स्वस्त पाइप लागणार. प्लास्टिकने ती सोय केली, ते नाकारून चालणार नाही. माझ्या आईने आयुष्याची कितीतरी वर्षे आडावरून घागरी वाहिल्या. तिला कुणी पीव्हीसीचे दोष सांगितले असते तर तिने ऐकूनही घेतले नसते.

या पीव्हीसीचा जन्मही गमतीचा आहे. १८७२ साली ऑयगेन बाउमान नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने व्हिनाइल क्लोराइड वायू काचेच्या नळीत बंद करून उन्हात ठेवला. काही दिवसांनी नळीत पांढरा घट्ट पदार्थ जमला. हेच ते पॉलिव्हिनाइल क्लोराइड. त्याचे करायचे काय हे बरीच वर्षे कुणाला कळले नाही, कारण तापवून आकार द्यायला गेले की ते आपोआप विघटन पावायचे. शेवटी १९३०च्या दशकात जर्मनीत त्याचे पाण्याचे पाइप निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभर पसरले. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपांचे भारतीय मानक, आयएस ४९८५, १९६८ साली आले. महाराष्ट्रात हा पाइप आधी शेतात गेला, विहिरीपासून मळ्यापर्यंत, आणि तिथून घरात आला. १९७२च्या दुष्काळानंतर विहिरी-बोअर वाढले, आणि ऐंशीच्या दशकात बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून करड्या पाइपांच्या मोळ्या जाताना दिसू लागल्या. आमच्या पिढीने ते दृश्य प्रगतीचे म्हणूनच पाहिले.

उन्हात जन्मलेला हा पदार्थ उन्हानेच मरतो, हे मला गच्चीवर कळले. सूर्याच्या अतिनील किरणांनी पाइपाचा बाहेरचा थर सुटत जातो, त्याचीच ती पांढरी भुकटी. आतला भाग ठिसूळ होतो. भिंतीतला पाइप त्या मानाने बरा निघाला, पण मोटार चालू-बंद होताना बसणारे धक्के, वर्षानुवर्षे चिकटवलेले सांधे आणि एकदा खिळा ठोकताना मीच पाडलेले भोक (हे सौ. ला आत्ता कळेल!) यांनी त्याचीही दमछाक झाली होती.

"जन्मभर टिकेल" या शब्दावर विश्वास ठेवणारा मी एकटाच नव्हे, हेही याच वेळी कळले. आमचा पुतण्या अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात असतो. फोनवर मी पाइपपुराण सुरू केले तर तो म्हणाला, "काका, मी तर घर घेताना हेच भोगलंय." त्यांच्याकडे १९७८ पासून १९९५ पर्यंत पॉलिब्युटिलीन नावाच्या प्लास्टिकचे करडे पाइप लाखो घरांत बसवले गेले. तांब्यापेक्षा स्वस्त, वाकवावे तसे वाकणारे, भविष्यातला पाइप म्हणून गाजलेले. पुढे लक्षात आले की पाणी शुद्ध करायला जे क्लोरीन घालतात तेच या पाइपाला आणि त्याच्या प्लास्टिकच्या जोडांना आतून खाते. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो, आतून बारीक भेगा पडत जातात, आणि एक दिवस भिंतीत कारंजे सुरू होते. मोठा खटला झाला. १९९५ साली झालेल्या तडजोडीत बनवणाऱ्या कंपन्यांना किमान ९५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. तरी ते पाइप असलेल्या घराचा विमा उतरवायला विमा कंपन्या आजही कां-कूं करतात. पुतण्याने घर घेतल्यावर पहिला खर्च केला तो भिंती फोडण्याचा.

इथपर्यंत सगळे मजेत चालले होते. चौथ्या दिवशी प्लंबरने नवे पाइप आणले. सीपीव्हीसी, दुधाळ-पिवळट रंगाचे. पीव्हीसीतच क्लोरीनचे प्रमाण आणखी वाढवून हा प्रकार बनवतात, त्यामुळे याला गरम पाणीही चालते. आपल्याकडे तो साधारण १९९९-२०००च्या सुमारास आला, आणि त्याचे भारतीय मानक, आयएस १५७७८, २००७ सालचे आहे. मी चष्मा लावून पाइपावरची छापील ओळ वाचत होतो. पेपर तपासायची सवय, दुसरे काय. त्यावर शब्द होता, लेड-फ्री. शिसे नसलेला.

मी विचारले, "म्हणजे आधीच्यात होतं?"

तो ग्राइंडर बंद करून म्हणाला, "आधी सगळेच टाकायचे ना सर. आता बंदी आहे."

वर म्हटले ना, की पीव्हीसी तापवले की विघटन पावते? पाइप बनवायला तर ते तापवावेच लागते. मग ते टिकावे म्हणून त्यात काहीतरी मिसळावे लागते, त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. सगळ्यांत स्वस्त आणि उत्तम काम करणारे स्टॅबिलायझर म्हणजे शिशाचे क्षार. जगभर दशकानुदशके तेच वापरले गेले. त्यातले थोडे शिसे पाण्यात उतरते, हे माहीत नव्हते असे नाही. पाइपाचा तुकडा पाण्यात ठेवून किती शिसे उतरले ते मोजायची चाचणी आपल्या मानकात होतीच. युरोपातल्या कारखानदारांनी २००० साली शिसे सोडायचे ठरवले आणि २०१५ पर्यंत सोडले. आपल्याकडे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले, २०१७ साली लवादाने सरकारला पावले उचलायला सांगितली, आणि केंद्र सरकारचे नियम आले मार्च २०२१ मध्ये. माझा पाइप १९९६चा.

आणखी एक गोष्ट वाचून तर मी पुस्तक मिटूनच ठेवले. लॅटिन भाषेत शिशाला प्लम्बम म्हणतात. प्लंबर हा शब्द त्यावरूनच आला. रोमन लोक शिशाचे नळ बनवत, म्हणून नळवाला तो शिसेवाला. आणि त्याच रोमन काळात, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात, व्हिट्रुव्हिअस नावाच्या वास्तुतज्ज्ञाने लिहून ठेवले आहे की मातीच्या नळातले पाणी शिशाच्या नळातल्या पाण्यापेक्षा प्रकृतीला चांगले. पुरावा म्हणून त्याने शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांचे निस्तेज चेहरे दाखवले. दोन हजार वर्षांपूर्वी!

आता मी मुद्द्यावर येतो. एव्हाना माझ्या डोक्यात आमच्या घरातला पाइप नव्हताच. म्हातारा-म्हातारीचे काय व्हायचे ते झाले. माझ्या डोक्यात शाळेतला पाइप होता.

त्याच वर्षी, १९९६च्या जूनमध्ये, शाळेत मुलांच्या पिण्याच्या पाण्याची नवी सोय केली. तोपर्यंत व्हरांड्यात मातीचे चार रांजण होते आणि लांब दांड्याचे ओगराळे. मुले ओगराळे तोंडाला लावायची, रांजणात हात घालायची, साथीच्या दिवसांत ते धोक्याचे होते. पालकांनी वर्गणी काढली, टाकी बांधली, आणि तिथून मैदानाच्या भिंतीवर दहा तोट्यांची रांग. मी उपमुख्याध्यापक होतो, काम माझ्याकडे होते. दोन कोटेशने आली. एक आयएसआय शिक्क्याच्या पाइपाचे, दुसरे बिनशिक्क्याच्या. दोन्ही पाइप हातात घेऊन पाहिले, दिसायला सारखेच. फरक नऊशे रुपयांचा. मी दुसरे घेतले आणि वाचलेल्या नऊशे रुपयांत पाच वर्गांतले फळे काळे करून घेतले. पालक सभेत या काटकसरीबद्दल माझे कौतुक झाले. मी ते नम्रपणे स्वीकारले.

दहा तोट्या, भिंतीवर दिवसभर ऊन, रात्रभर पाइपात उभे राहिलेले पाणी, आणि सकाळी प्रार्थनेनंतर पहिल्या घंटेला धावत येणारी पाचवी-सहावीची मुले.

पुण्याला माझी भाची रसायनशास्त्र शिकवते. तिला फोन केला. तिने शांतपणे समजावले. पाइपातले शिसे सगळ्यात जास्त उतरते ते पाइप नवा असताना. पृष्ठभागावरचे निघून गेले की प्रमाण घटत जाते. पाणी जितका वेळ पाइपात थांबून राहील तितके जास्त. उकळून शिसे जात नाही, उलट पाणी आटले की प्रमाण वाढते. "आणि मामा, लहान मुलांच्या शरीरात ते मोठ्यांपेक्षा जास्त शोषलं जातं. मेंदूच्या वाढीवर, लक्ष लागण्यावर परिणाम होतो. सुरक्षित म्हणावी अशी पातळीच आजवर सापडलेली नाही."

"मग आता शाळेतलं पाणी तपासून कळेल का, तेव्हा किती होतं ते?"

"नाही कळणार. जुन्या पाइपातून आता थोडंच येत असेल. जे यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येऊन गेलं असेल."

इतिहासाच्या शिक्षकाला याहून वाईट उत्तर कोणते? घटना घडली असेल किंवा नसेलही, पण साधन मात्र कायमचे नष्ट झाले आहे. बिनशिक्क्याचा पाइप होता म्हणजे त्यात शिसे भरमसाट होते असे सिद्ध होत नाही. शिक्क्याच्या पाइपातही ते होतेच. फक्त त्याची चाचणी झालेली असायची. चाचणीचे मापही बदलत गेले. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा आपल्या १९९१च्या मानकात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम होती, २०१२ साली ती ०.०१ झाली. म्हणजे तेव्हा जे पाणी काठावर पास झाले असते ते आज सपशेल नापास. ज्ञान पुढे जाते तेव्हा मागचे सगळे पेपर पुन्हा तपासावे लागतात, आणि ते तपासायला उत्तरपत्रिका उरलेल्या नसतात.

त्या रात्री मला सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचे वर्ग आठवत राहिले. "लक्ष कुठं आहे तुझं?" हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन! पाइपामुळे कुणाचे लक्ष उडाले असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला काहीही आधार नाही. मुलांचे लक्ष खिडकीबाहेर असते, ते रांजणाच्या काळातही होतेच. पण आता ते वाक्य आठवले की आधीसारखे सरळ आठवत नाही, एवढेच.

प्लंबरला सांगितले. तो त्याच मुलांपैकी. जून ९६ मध्ये सहावीत होता, म्हणजे पहिल्या वर्षाचे पाणी त्यानेच प्यायलेले. ऐकून तो हसला.

"सर, आम्ही तर विहिरीचं पण प्यायलोय, बोअरचं पण प्यायलोय. काही होत नाही."

मग थोडा वेळ गप्प राहिला. त्याचा मुलगा आता त्याच शाळेत पाचवीत आहे.

"ती लाइन अजून आहे सर. तीन तोट्या चालू आहेत."

आता थोडे शिळ्या पाण्याविषयी. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल तशी आमच्याही घरी ही सवय आहे. सौ. सकाळी उठल्यावर नळाचे पहिले पाणी पिण्याच्या भांड्यात घेत नाही. आधी बादलीत सोडते, मग ताजे भरते. रात्रीचे पाणी शिळे, हे तिला तिच्या आईने सांगितलेले. मी लग्न झाल्यापासून या गोष्टीवर तिच्याशी वाद घातला आहे. पाणी शिळे होत नाही, हे दुष्काळी मराठवाड्यातल्या शिक्षकाचे ब्रीदच आहे. दर २२ मार्चला जागतिक जलदिनी मी मुलांकडून हे वाक्य म्हणवून घ्यायचो, भिंतीवर लिहून घ्यायचो, घरी जाऊन आईला सांगा म्हणायचो. मुलांनी सांगितलेही असेल. ज्या आया पहिले पाणी टाकून देत होत्या त्यांतल्या काहींनी माझे ऐकून ते मुलांच्या पेल्यात ओतले असेल.

माठातले, हंड्यातले झाकलेले पाणी रात्रीत शिळे होत नाही, हे आजही खरेच आहे. ते ओतून देणे हा आमच्या भागात गुन्हाच. पण पाइपात रात्रभर उभे राहिलेले पाणी वेगळे. जिथे शिशाचे जुने नळ आहेत त्या देशांत सरकारच लोकांना सांगते, सकाळी पिण्याआधी नळ थोडा वेळ वाहू द्या. सौ. च्या आईला शिसे माहीत नव्हते, मला शाळेतली पाठ्यपुस्तके माहीत होती. मी सौ. ला हे सगळे वाचून दाखवले. मला वाटले ती काहीतरी बोलेल. ती फक्त म्हणाली, "बरं. पण ती बादली फरशी पुसायलाच वापरत होते मी. ओतून कधीच दिली नाही."

चाळीसहून जास्त वर्षे मी तिला पाणी वाया घालवते म्हणत होतो, आणि ती बादली कुठे जाते ते मी एकदाही पाहिले नव्हते.

घरातले काम पाचव्या दिवशी संपले. गच्चीवरच्या नव्या पाइपाला प्लंबरने पाण्यात कालवायचा रंग दिला, म्हणजे ऊन थेट लागणार नाही. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्या म्हणाला. यावेळी त्याने जन्मभराचे नाव काढले नाही आणि मीही काढले नाही. या नव्या पाइपात २०५० साली काय सापडेल हे आज कुणी सांगावे? प्लास्टिकचे सूक्ष्म कण पाण्यात शोधण्याचे काम चालू आहेच.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे शाळेत गेलो. आधी मुख्याध्यापिकाबाईंना सगळे सांगितले होते, कोटेशनसकट. त्या माझ्यापेक्षा बऱ्याच लहान आहेत. त्यांना वाटले मी उगाच मनाला लावून घेतोय. पण परवानगी दिली. पाइपाचे पैसे मी दिले, मजुरी त्याने घेतली नाही. दुकानात मी पाइपावरची ओळ दोनदा वाचली, शिक्का पाहिला, मग बिल केले. जुन्या लाइनचा सर्वात लांब सलग तुकडा निघाला तो हातभर. बाकी सगळा मोडत गेला. भिंतीच्या त्या जागी जुना रंग शाबूत होता, आणि त्यावर कुणीतरी खिळ्याने कोरलेले एक अर्धवट नाव. पाइपाच्या मागे हात घालून कोरायला किती वेळ लागला असेल! मला वाटते तो तास माझाच असणार.

तो हातभर तुकडा आता माझ्या टेबलावर आहे. सौ. ने दोनदा टाकून द्यायला सांगितले आहे.

मंडळी, तुमच्या घरचा पाइप जुना असेल तर एकदा बघून घ्या. गच्चीवरच्या पाइपावर बोट फिरवा, पांढरे लागले तर काय ते समजा. नवा घेताना त्यावरची छापील ओळ वाचा. घरात लहान मूल असेल तर सकाळचे पहिले पाणी बादलीत घ्या आणि धुण्या-पुसण्याला वापरा. ओतून देऊ नका, ते पाप आहेच. आणि शाळेत, बालवाडीत कुणी काम करत असेल तर तिथली लाइनही बघा. नऊशे रुपये वाचत असतील तर वाचवू नका.

असो. आज आमच्याकडे पाण्याचा दिवस आहे. हौदावर जाऊन उभे राहायची वेळ झाली.